कवच कुठे अडलं ते आधी बघा: लाळ्या-खुरकुताच्या विषाणूची जुळणी तपासण्याची माझी रीत

विषाणूच्या जुळणीवर, म्हणजे प्रोटीनं एकत्र येऊन त्याचा कण कसा बनतो यावर, काम सुरू करणारी मुलं बहुतेक एकच प्रश्न घेऊन येतात: "मॅडम, या प्रोटीनचं जुळणीत काम काय?" प्रश्न रास्त आहे, पण तिथून सुरुवात केली की फसगत होते. कवचाच्या कुठल्याही प्रोटीनमध्ये चार-दोन अमिनो आम्लं बदला, कणांची संख्या घटतेच. मग प्रत्येक प्रोटीन "जुळणीसाठी आवश्यक" ठरतं आणि आपल्याला नवीन काहीच कळलेलं नसतं.

मी उलट्या बाजूने जायला सांगते. कण बनण्याच्या वाटेवर कोणकोणते टप्पे आहेत ते लिहून काढा. आपल्या नमुन्यात त्यातला शेवटचा कोणता टप्पा दिसतो ते मोजा. पुढचा टप्पा का आला नाही, हे त्यानंतर विचारा. टप्पा पक्का झाला की संशयित प्रोटीनं दोन-तीनच उरतात.

ही रीत शिकायला जनावरांच्या विषाणूंत लाळ्या-खुरकुताइतका सोयीचा दुसरा नाही. १८९८ साली लोफ्लर आणि फ्रॉश यांनी जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतून हा रोग पार होतो हे दाखवलं. प्राण्यांचा पहिला ओळखलेला विषाणू तो हाच. पण माझं कारण इतिहासाचं नाही. या विषाणूच्या जुळणीतले टप्पे सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नमुना जोरात फिरवणाऱ्या यंत्रात, एकमेकांपासून स्वच्छ वेगळे करता येतात, आणि लसीचा दर्जा तपासणारे लोक हेच काम रोज करतात. शिवाय जिवंत विषाणूला हात न लावता हे शिकता येतं. जिवंत विषाणू फक्त उच्च जैवसुरक्षेच्या प्रयोगशाळेतच हाताळतात. खाली जे सांगतेय ते सगळं पेशींमध्ये बनवलेल्या रिकाम्या कवचांवर आणि निष्क्रिय केलेल्या अँटिजेनवर, म्हणजे लसीसाठी मारलेल्या विषाणूवर, करायचं आहे.

आधी कागदावर चार आकडे

५ एस, १२ एस, ७५ एस, १४६ एस. एवढे चार आकडे लिहून सेंट्रिफ्यूजच्या वर चिकटवा. एस म्हणजे स्वेडबर्ग, कण किती वेगाने खाली बसतो त्याचं माप. हे आकडे बेरजेचे नाहीत. पाच ५ एस एकत्र आले की २५ एस होत नाहीत, १२ एस होतात, कारण बसण्याचा वेग वजनाबरोबर आकारावरही ठरतो.

५ एस म्हणजे प्रोटोमर: कवचाची एक वीट. पाच प्रोटोमर मिळून पेंटामर, तो १२ एस. बारा पेंटामर मिळून पूर्ण कवच. आत आरएनए नसेल तर साधारण ७५ एस, आरएनए असेल तर १४६ एस. म्हणजे पूर्ण कणात प्रत्येक कवच-प्रोटीनच्या ६० प्रती असतात, आणि एवढं सगळं मिळून व्यास जेमतेम ३० नॅनोमीटर.

आता यात कोण काय करतं ते बघू. विषाणूचा आरएनए सुमारे ८,४०० अक्षरांचा, आणि त्यातून एकच लांबलचक प्रोटीन वाचलं जातं. त्याच्या अगदी सुरुवातीला एल प्रोटिएज (प्रोटिएज म्हणजे प्रोटीन कापणारं एन्झाइम) असतं. ते स्वतःलाच उरलेल्या साखळीपासून कापून वेगळं करतं. वाचकांना बहुधा एवढंच आठवतं की एल पेशीच्या प्रोटीननिर्मितीवर घाला घालतं. जुळणीच्या दृष्टीने मात्र त्याचं काम दुसरं आहे: ते कापलं गेल्यामुळे कवचाच्या पूर्वरूपाच्या, म्हणजे अजून न कापलेल्या साखळीच्या, टोकाशी एक ग्लायसीन उघडं पडतं. पेशीचं स्वतःचं एन्झाइम या ग्लायसीनला मिरिस्टिक आम्लाची चौदा कार्बनची शेपटी जोडतं. ही शेपटी पुढे जाऊन व्हीपी४ या कवच-प्रोटीनच्या टोकाला राहते.

पूर्वरूपाच्या दुसऱ्या टोकाला २ए आहे. फक्त १८ अमिनो आम्लांचा हा तुकडा काहीही कापत नाही. रायबोसोम त्याच्या शेवटाशी आला की एक पेप्टाइड बंध जोडायचा सोडून देतो आणि पुढे वाचत राहतो. त्यामुळे साखळी तिथे सुटते. उरतं ते पी१-२ए, म्हणजे कवचाचा भाग पी१ आणि त्याला जोडलेलं २ए, असं साधारण ८५ किलोडाल्टनचं पूर्वरूप. ते ३सी हे दुसरं प्रोटिएज कापतं, २ए सुटतं आणि कवचाचे तीन तुकडे उरतात: व्हीपी०, व्हीपी३, व्हीपी१. तिन्ही तुकडे वेगळे होऊन भटकत नाहीत, एकमेकांना धरूनच राहतात. तोच प्रोटोमर. व्हीपी० चे व्हीपी४ आणि व्हीपी२ असे दोन भाग होतात ते सगळ्यात शेवटी, कवच बंद झाल्यावर. ही शेवटची काप ३सी करत नाही. ती कवचाच्या आतच होते.

कोण कुठे बसतं हेही लक्षात ठेवा. १९८९ साली या विषाणूची क्ष-किरण रचना समोर आली तेव्हापासून चित्र स्पष्ट आहे. व्हीपी१ पेंटामरच्या मध्याभोवती, व्हीपी२ आणि व्हीपी३ आळीपाळीने कडेला, व्हीपी४ पूर्णपणे आत. म्हणजे पेंटामर आतून धरून ठेवण्यात व्हीपी४ आणि त्याची शेपटी, आणि एक पेंटामर दुसऱ्याला जोडण्यात मुख्यतः व्हीपी२ आणि व्हीपी३. हे वाक्य पाठ असेल तर पुढची अर्धी उत्तरं आपोआप सुचतात.

रिकामं कवच बनवताना ३सी ला आवरा

पी१-२ए आणि ३सी ही दोन्ही एकाच पेशीत बनवली की रिकामी कवचं तयार होतात. बॅक्युलोव्हायरसने कीटकपेशीत, व्हॅक्सिनियाच्या मदतीने सस्तन पेशीत, अडिनोव्हायरसने, अशा वाहक विषाणूंच्या अनेक वाटांनी ती बनवली गेली आहेत. वाट कुठलीही निवडा, अडचण एकच येते: ३सी पेशीला विषारी आहे. ते फार झालं की पेशी आजारी पडतात आणि उत्पन्न कोसळतं. कमी झालं की पी१-२ए न कापलेलं राहतं. म्हणून लोकांनी ३सी चं प्रमाण मुद्दाम खाली आणलं, किंवा त्याचे थोडे मंद प्रकार वापरले. नवीन मुलांना वाटतं कापणारं एन्झाइम जितकं जोरदार तितकं बरं. इथे मध्यम ३सी चांगलं.

पी१ एल शिवाय सुरू करत असाल तर सुरुवातीचं मेथिओनीन आणि लगेच ग्लायसीन असा क्रम ठेवा. पेशी मेथिओनीन काढून टाकते आणि ग्लायसीन उघडं पडतं. शुद्धीकरणासाठी पी१ च्या या टोकाला टॅग, म्हणजे पकडायला सोपा असा जादा तुकडा, लावायचा मोह होतो. तो लावला की ग्लायसीन झाकलं जातं, शेपटी जोडली जात नाही आणि पुढचा सगळा प्रयोग दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. जीवाणूत मिरिस्टिक आम्ल जोडणारं एन्झाइम मुळातच नसतं, तेही ध्यानात ठेवा.

तुलनेसाठी चार नमुने कायम बरोबर धावले पाहिजेत. निष्क्रिय केलेलं शुद्ध अँटिजेन, म्हणजे १४६ एस ची खूण. तेच अँटिजेन ५६ अंशांवर तापवून मोडलेलं, म्हणजे १२ एस ची खूण. ज्याची कापण्याची ताकद मारून टाकली आहे अशा ३सी बरोबरचं पी१-२ए. आणि टोकाच्या ग्लायसीनच्या जागी अलानीन असलेलं पी१-२ए, ज्यात काप होते पण शेपटी जोडली जात नाही. हे चार नसतील तर मी आलेख बघायलाही बसत नाही. वाद घालायला वेळ जातो आणि हाती काही लागत नाही.

ग्रेडियंट ओतणं आणि पीएच सांभाळणं

साखरेचा, म्हणजे सुक्रोजचा ग्रेडियंट (ट्यूबमध्ये तळाकडे दाट होत जाणारं द्रावण) यंत्राशिवायही उत्तम होतो. १५ ते ४५ टक्क्यांचा हवा असेल तर पाच द्रावणं करा आणि ४५ टक्के तळाशी ठेवून वर क्रमाने हलकी चढवा. पिपेटचं टोक ट्यूबच्या भिंतीला टेकवून, द्रवाच्या पातळीच्या किंचित वर ठेवायचं. द्रव भिंतीवरून ओघळत खाली यायला हवा, थेंब पडायला नको. ट्यूबमागे काळा कागद धरला की प्रत्येक दोन थरांच्या मध्ये एक बारीक चकाकणारी रेघ दिसते. रेघ धारदार असेल तर हात बरोबर चालतोय. लाटेसारखी वाकडी दिसली तर ती ट्यूब फेकून द्या, कारण पुढे कितीही काळजी घेतली तरी आलेखावरचं कणांचं शिखर पसरटच येणार. मग ट्यूब रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवायची. सकाळी रेघा गेलेल्या असतात, थर एकमेकांत मिसळून उतार झालेला असतो. ट्यूब नेताना बोलत चालू नये असा माझा नियम आहे. हसतात मुलं, पण पाळतात.

वर घालायचा नमुना थोडा असावा आणि आधी फिरवून गाळ काढलेला असावा. या विषाणूला बाहेरचा मेदाचा पडदा नसतो, त्यामुळे पेशी फोडताना सौम्य डिटर्जंट वापरलं तरी कवचाला धक्का लागत नाही.

पीएच हा इथला सगळ्यात मोठा चोर. साधारण ६.५ च्या खाली गेलं की हे कवच मोडून पेंटामर होतं. कारण पेंटामरांच्या जोडावर, व्हीपी३ मध्ये, हिस्टिडीन आहेत. आम्लात त्यांच्यावर धनभार येतो आणि शेजारच्या पेंटामरमधल्या व्हीपी२ च्या हेलिक्सशी ते फटकून वागतात. विषाणूला हे सोयीचं आहे, पेशीत शिरल्यावर एंडोसोम या पिशवीतल्या आम्लातच त्याला उघडायचं असतं. आपल्याला मात्र ते महागात पडतं. म्हणून बफर पीएच ८ च्या आसपास, सगळं थंड, आणि ट्रिस वापरत असाल तर पीएच ज्या तापमानावर प्रयोग करणार त्याच तापमानावर लावा; ट्रिसचं पीएच थंडीत वर सरकतं. माध्यम पिवळं पडेपर्यंत वाट बघून मग पेशी गोळा केल्या, तर कवचं बनली होती की नाही हा प्रश्नच निकालात निघतो.

आता वेळ. १४६ एस हा १२ एस पेक्षा साधारण बारापट वेगाने बसतो, तेव्हा एकाच फेरीत दोन्ही नीट दिसणार नाहीत. १४६ एस आणि ७५ एस वेगळे होतील एवढ्या काही तासांच्या फेरीत १२ एस जवळजवळ वरच राहतो, ५ एस आणि पेशीच्या इतर विद्राव्य प्रोटीनांच्या गर्दीत. तो बघायचा तर हलका ग्रेडियंट, समजा ५ ते २५ टक्के, आणि रात्रभराची फेरी लागते. "आमच्या नमुन्यात पेंटामर नव्हते" असं लिहिणाऱ्यांना मी आधी विचारते, फेरी किती वेळाची होती.

फ्रॅक्शन, म्हणजे ट्यूबमधल्या द्रवाचे क्रमाने काढलेले छोटे भाग, वरून काढले की तळाशी भोक पाडून, हे पहिल्या ट्यूबवरच लिहा. आलेखाच्या डाव्या हाताला ट्यूबचा तळ आहे की माथा यावरून झालेले वाद मी पुष्कळ ऐकलेत.

शिखर कुणाचं ते ओळखणं

आरएनए असलेला १४६ एस कण २५९ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश चांगला शोषतो, त्याच्या वजनाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग आरएनएच असतो. रिकामं कवच तेवढं शोषत नाही, त्यामुळे प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर ते दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं समजू नका. फ्रॅक्शन ब्लॉटवर घ्या, तिथे अँटिबॉडीने एकेका प्रोटीनचा पट्टा दिसतो.

ब्लॉटवर ८५ च्या जवळ पट्टा म्हणजे न कापलेलं पूर्वरूप. व्हीपी० आणि व्हीपी२ हे दोन वेगळे पट्टे कुठल्या फ्रॅक्शनमध्ये येतात ते नीट बघा, कारण व्हीपी० तुटलं का हे कवच बंद झाल्याची खूण म्हणून वापरतात. पण एवढ्यावर विसंबू नका. ही काप आरएनए भरलेल्या कणात जवळजवळ पूर्ण होते, आणि या विषाणूच्या रिकाम्या कवचातही काही प्रमाणात होते. "व्हीपी२ दिसलं, म्हणजे आरएनए आत आहे" हे वाक्य मी खोडते.

इंटेग्रिनने पकडून केलेली एलायझा (अँटिबॉडीने प्रोटीन मोजायची चाचणी) ही दुसरी फसवी जागा. व्हीपी१ वर एक लवचीक वेटोळं आहे, त्यात आर्जिनीन-ग्लायसीन-अ‍ॅस्पार्टिक आम्ल असा क्रम असतो आणि पेशीवरचं इंटेग्रिन त्यालाच धरतं. ते चिकटलं म्हणजे वेटोळं जागेवर आहे एवढं कळतं. कवच पूर्ण बंद आहे का, हे सांगायला पूर्ण कण ओळखणारी अँटिबॉडी लागते. १२ एस तेवढा ओळखणाऱ्या अँटिबॉडीही आहेत; दोन्ही शेजारी लावल्या की उत्तराला वजन येतं.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक शेवटी. सगळ्यांना फोटो आधी हवा असतो, त्याला माझा विरोध आहे: हजारो तुकड्यांत चार गोल गोल कण सापडतातच, आणि फोटोत तेवढेच घेतले जातात. त्यात भर म्हणजे नेहमीचं युरॅनिल असिटेटचं द्रावण आम्लधर्मी, पीएच चारच्या वरखाली. एवढी काळजी घेऊन पीएच ८ ला जपलेलं कवच शेवटच्या मिनिटाला त्यात बुडवायचं! आधी ग्लुटराल्डिहाइडने पक्कं करा किंवा उदासीन केलेलं फॉस्फोटंग्स्टिक आम्ल वापरा. रिकाम्या कवचात रंग आत शिरतो आणि मध्यभाग गडद दिसतो, भरलेल्यात तसं होत नाही.

अडलं कुठे, दोष कुणाचा

पूर्वरूप तसंच पडून असेल तर पहिला संशय ३सी वर. ते पुरेसं आहे का, पोहोचतंय का. ते ठीक असेल तर पूर्वरूपाची घडी बघा. पी१-२ए ला ३सी ने नीट कापलं जाण्यासाठी पेशीतल्या एचएसपी९० या सोबत्याची, म्हणजे घडी घालायला मदत करणाऱ्या प्रोटीनची, गरज लागते असं दिसून आलंय. इथे एक सुंदर गोम आहे. व्हीपी१ च्या शेवटाकडे काही अमिनो आम्लांचा एक छोटा, जपलेला क्रम आहे. त्यात बदल केला तर काप बिघडते ती शेजारची नाही, तर साखळीत कितीतरी दूर असलेल्या व्हीपी० आणि व्हीपी३ च्या सांध्यावरची. आता समजा कुणी फक्त शेवटी कण मोजले आणि ते नाहीसे झालेले दिसले. तो लिहिणार, "व्हीपी१ चा हा भाग पेंटामर जोडतो." चूक. तो भाग पूर्वरूपाची घडी ३सी समोर नीट धरतो. पेंटामरपर्यंत गोष्ट गेलेलीच नसते. टप्पा आधी बघा असं मी म्हणते ते याचसाठी.

काप झाली पण सगळं ५ एस वरच थांबलं, तर व्हीपी४ च्या टोकाकडे जा. ग्लायसीनच्या जागी अलानीन असलेला नमुना नेमका असाच वागतो: ३सी आपलं काम करतं, तुकडे एकमेकांना धरून राहतात, पण पुढची जुळणी होत नाही. परीक्षानळीतही हेच दिसलं आहे. शेपटी असलेल्या पूर्वरूपाला बाहेरून प्रोटिएज दिलं की पेंटामर बनतात, शेपटी नसेल तर बनत नाहीत.

१२ एस वर थांबलं तर जरा श्वास घ्या, कारण इथे दोन अगदी वेगळ्या शक्यता सारख्याच दिसतात. एक, पेंटामर जोडलेच गेले नाहीत. दोन, जोडले गेले होते, पण पेशी फोडताना किंवा फेरीत मोडले. ग्रेडियंटवर दोन्हींचं शिखर एकाच जागी येतं. फरक करायचा तर तोच पेशीद्रव दोन भागांत वाटा. एक भाग नेहमीच्या पद्धतीने न्या. दुसरा पेशी फोडल्यावर लगेच सौम्य ग्लुटराल्डिहाइडने जखडा आणि मग फिरवा. जखडलेल्या भागात ७५ एस दिसला तर कवच बनलं होतं. नाही दिसला तर जोडच झाला नसेल, तरी लगेच खात्री धरू नका. पीएच अर्ध्याने वर नेऊन, सगळं बर्फावर ठेवून पुन्हा बघा. उलट बाजूनेही पडताळता येतं: जोडावर पक्का केलेला प्रकार शेजारी चालवा. ए प्रकारच्या (लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचे ए, ओ, सॅट असे प्रकार आहेत) एका विषाणूच्या रिकाम्या कवचात व्हीपी२ मधल्या ९३ व्या जागी हिस्टिडीनऐवजी सिस्टीन बसवलं, तेव्हा समोरासमोरच्या दोन पेंटामरांमध्ये डायसल्फाइड बंध तयार झाला आणि कवच आम्ल व उष्णता दोन्हींत टिकायला लागलं. हे काम २०१३ साली प्रसिद्ध झालं. असा पक्का जोड तुमच्या परिस्थितीत टिकतो आणि साधा टिकत नाही, तर जुळणी होत होती, स्थैर्य नव्हतं.

हा फरक नुसता पुस्तकी नाही. पूर्ण कण जनावरात जेवढा प्रतिसाद उभा करतो त्याच्या तुलनेत सुटे पेंटामर फार कमी करतात, म्हणून लसीत १४६ एस किती हे मोजतात. ओ आणि सॅट गटांतल्या विषाणूंची कवचं ए च्या मानाने सहसा नाजूक. थंडाव्याची साखळी तुटली तर प्रोटीनचं एकूण प्रमाण तेवढंच राहतं, ब्लॉटवर पट्टेही तेवढेच, आणि लस मात्र कमजोर.

७५ एस मुबलक आणि १४६ एस नाही, असं रिकाम्या कवचाच्या प्रयोगात होणारच. भरायला आरएनए दिलेलाच नाही. ७५ एस ला १४६ एस ची आधीची पायरी मात्र समजू नका. पेंटामर आरएनएभोवती जमून थेट कण होतो, या बाजूने बरंच बोललं जातं.

आणि ज्या सांध्यावर काप होते तो प्रत्येक सांधा जुळणीला लागतोच असंही नाही. व्हीपी१ आणि २ए मधली काप रोखणारा बदल करून बघितला गेला. २ए व्हीपी१ ला लोंबकळत राहिलं, तरी कवचं बनली, इतकंच काय विषाणूही संसर्गक्षम राहिला. जपलेला क्रम दिसला की त्याला जुळणीचं श्रेय देऊन मोकळं होण्याची सवय या एका निकालाने जायला हवी.

दुसऱ्या विषाणूंकडे जाताना

रीत तीच, टप्पे बदलतात. डुकरांच्या सर्कोव्हायरस-२ मध्ये गोष्ट छोटी: एकच कॅप्सिड प्रोटीन, ६० प्रती, आणि ते एकटं बनवलं तरी कवच जमतं. लसी त्यावरच उभ्या आहेत.

नीलजिव्हा, म्हणजे ब्लूटंग, मला शिकवायला फार आवडतो. त्याचं कवच थराथरांचं. सगळ्यात आत व्हीपी३ च्या १२० प्रतींचं पातळ कवच, त्यावर व्हीपी७ च्या ७८० प्रती तीन-तीनच्या गटांत, त्यावर व्हीपी२ आणि व्हीपी५. कीटकपेशीत फक्त व्हीपी३ आणि व्हीपी७ बनवले तरी गाभ्यासारखे कण मिळतात. म्हणजे आतला थर बाहेरच्याला साचा देतो, आणि कोण कुणावर अवलंबून आहे हे एकेक प्रोटीन वगळून सरळ बघता येतं. नावांत मात्र गोंधळू नका. इथलं व्हीपी३ आणि लाळ्या-खुरकुतातलं व्हीपी३ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. शिवाय जुळणी होते ती एनएस२ या प्रोटीनने पेशीत उभारलेल्या समावेशपिंडांत, आणि एनएस२ स्वतः कणात जात नाही.

कणात न दिसणारी प्रोटीनं विसरली जातात, म्हणून ती मुद्दाम शोधा. आफ्रिकन स्वाइन फीव्हरचं बाहेरचं कवच पी७२ च्या ८,२८० प्रतींचं, पण पी७२ ला नीट घडवायला पीबी६०२एल हा सोबती लागतो आणि तो तयार कणात नसतो. तो दाबला की कवचाऐवजी चेनच्या दातांसारख्या विचित्र रचना दिसतात. गुरांच्या बीव्हीडी, म्हणजे विषाणूजन्य अतिसाराच्या विषाणूमध्ये तर एनएस२-३ हे न कापलेलं प्रोटीनच संसर्गक्षम कण बनायला लागतं, कापलेल्या एनएस३ वर भागत नाही. या बीव्हीडी ला मेदाचा पडदा आहे, तेव्हा वरची डिटर्जंटची मुभा इथे अजिबात नाही.

शेवटी निकाल लिहायची वेळ येते तेव्हा वाक्यात टप्पा आला पाहिजे. "व्हीपी४ जुळणीसाठी आवश्यक" असं लिहून आणलेला मसुदा मी परत करते. "व्हीपी४ च्या टोकाला मिरिस्टिक आम्ल नसताना ३सी ची काप पूर्ण झाली, ५ एस दिसला, १२ एस रात्रभराच्या ग्रेडियंटवरही दिसला नाही, ग्लुटराल्डिहाइडने जखडूनही ७५ एस मिळाला नाही", असं लिहिलेलं चालतं. सोबत बफरचं पीएच, ते कुठल्या तापमानाला लावलं, रोटरचं नाव आणि फेरीचे तास.